तीन प्रतींचा प्रिंटर

खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेली, तेव्हा कुठे साहेबांना डॉक्टरांची आठवण झाली.

डॉक्टर म्हणजे या ऑफिसातली यंत्रं बावीस वर्षं सांभाळलेला माणूस. गेल्या वर्षी ते काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि त्यांना घरी बसवलं. परवा कंपनीने सगळे कॉम्प्युटर नवे करून दिले, आणि नव्या कॉम्प्युटरने जुन्या प्रिंटरला ओळखच दाखवली नाही. दाखला कार्बनच्या तीन प्रतींतच द्यावा लागे, आणि तिन्ही प्रती एका दमात उमटवणारा प्रिंटर हाच एक. कंपनीच्या माणसांनी दोन दिवस डोकेफोड केली आणि हात टेकले.

"बघा, तुमच्यावाचून अडलंच ना," फोन आल्यावर बायको म्हणाली. "आज परत कामावर घ्यायचा विषय काढाच." तिने शर्टाला इस्त्री करून दिली.

टेबलाशी कंपनीची मुलगी शेजारी बसली. सर, हे कशाला, सर, ते का, असं विचारत राहिली. वर्षभरात त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. डॉक्टर खुलले.

"याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमसाठी कोणी बनवलंच नाही. शोधत बसू नकोस. याचा थोरला भाऊ, वरचं मॉडेल, आहे यादीत, त्याचा ड्रायव्हर लाव. हा मुकाट्याने ऐकतो. आणि पोर्ट हाताने निवड, कॉम्प्युटर आपोआप चुकीचा धरतो."

प्रिंटर खरखरला. तिसऱ्या प्रतीवरसुद्धा अक्षरं स्वच्छ उमटली. रांग हलली.

साहेब आले तसे डॉक्टर उठून उभे राहिले. "साहेब, एक बोलायचं होतं. अशा जुन्या मशीनला रोजचं कोणीतरी माहीतगार..."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "म्हणून तर हिला सांगितलं, सगळं रेकॉर्ड करून घे. दर वेळी तुम्हाला कशाला त्रास?" आणि ते केबिनकडे वळले.

डॉक्टरांनी मान वळवून पाहिलं. फायलींच्या गठ्ठ्याला टेकवून मोबाइल उभा होता. त्यावर लाल ठिपका.

ते पिशवी उचलायला वाकले. एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती गिळून सरळ चालतं व्हावं, असं फार वाटलं. खिडकीबाहेर एक म्हातारी हातातला दाखला डोळ्यांजवळ धरून त्यातलं नाव पुन्हा पुन्हा वाचत होती.

डॉक्टर परत बसले.

"अजून एक," ते म्हणाले. "सिस्टिम अपडेट झाली की हे सगळं पुसलं जातं. प्रिंटर पुन्हा मुका. तेव्हा काय करायचं, ते बघ."

ते दाखवू लागले. अर्ध्यावर मुलीने त्यांना थांबवलं.

"सर, एवढं परत दाखवाल? आणि जरा बाजूला सरका ना. तुम्ही मध्ये येताय, स्क्रीन दिसत नाहीये."

डॉक्टरांनी खुर्ची सरकवली.

"आणखी थोडं, सर," मुलगी मोबाइलमध्ये बघत म्हणाली. "अजून तुमचा खांदा येतोय."