हनुवटीवरचे तीन ठिपके

"हालू नको वं, नाहीतर सारं पसरन," डिंपल म्हणाली आणि सुरमीची हनुवटी दोन बोटांत धरून तिनं फाउंडेशनचा आणखी एक थर चढवला.

मलकापुरातल्या साड्यांच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, मालकाच्या खोलीबाहेर तीन मैत्रिणी बाकावर बसल्या होत्या. मैत्रिणी आपलं म्हणायचं. तीन वर्षं एका वर्गात बी.कॉम. केलं, एवढंच. डिंपल आणि प्रेरणा गावातल्या. सुरमी डुडवे सातपुड्यातल्या पाड्यावरची, आदिवासी वसतिगृहात राहून शिकलेली. वर्गात तिला सुरमी कुणी म्हणत नसे, 'जंगल' म्हणत. "ए जंगल, नोट्स दे." ती देई.

काउंटरवर मुली पाहिजेत, अशी पाटी दुकानावर लागली होती. तिघींचा हा पहिलाच इंटरव्ह्यू.

सुरमीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते आणि दोन्ही डोळ्यांच्या कडेला एकेक रेघ. लहानपणी आईनं बाजारात नेऊन गोंदवून घेतलं होतं. "असं तोंड घेऊन आत जाशीन तं मालक मोळी विकणारी समजन तुले," असं म्हणून डिंपलनं स्वतःच पर्स उघडली होती.

"काऊन गोंदता वं तुम्ही लोकं तोंडावर?" प्रेरणानं विचारलं.

"माही माय म्हणते, मेल्यावर सोनं-नाणं इथंच राह्यते. गोंदण तेवढं संगं येते."

"बाप्पा!" डिंपल खिदळली. "वर बी आधार कार्ड पाह्यतात काय?" तिच्या स्वतःच्या मनगटावर फुलपाखरू होतं, अकोल्याहून काढून आणलेलं. पण ते टॅटू. ते वर्गात आठ दिवस सगळ्यांना दाखवून झालं होतं. "अन् होळीच्या बाजारात तुमच्यातले पोट्टे पोरी पळवून नेतात म्हणे, खरं काय?"

"कोणी नाही पळवत," सुरमी म्हणाली. पळवायची गरजच नव्हती. होळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सोयरीक, असं बापानं सांगून ठेवलं होतं. पोरगाही बघून ठेवला होता.

डिंपलनं आरसा धरला. ठिपके गेले होते, रेघा गेल्या होत्या. गावातल्या कुठल्याही पोरीचं असावं तसं तोंड. सुरमीला ते आवडलं. आवडलं म्हणून आईच्या आठवणीनं लाजही वाटली, पण तरी तिनं आरसा पुन्हा मागून घेतला.

"तुहे उपकार नाही विसरणार मी, डिंपल."

डिंपल खरंच खूश झाली. वाईट नव्हती पोट्टी, तोवर.

तेवढ्यात आतून दुकानातला माणूस आला. "पोरींनो, जागा आता एकच राह्यली. बाकीच्या भरल्या. सुरमी कोण आहे? चला."

सुरमी उठली. डिंपलचा हात पर्समध्ये गेला.

"थांब वं, किती घाम आला तुले. हे घे, पूस." तिनं ओला टिश्यू पुढं केला.

"अवं, ते तं मेकअप का..." प्रेरणा बोलली, तोच तिच्या मांडीला असा चिमटा बसला की तिनं तोंड मिटलं. मग मिटूनच ठेवलं. जागा तिलाही हवीच होती.

असला टिश्यू सुरमीनं जन्मात हातात धरला नव्हता. पाड्यावर तोंड पाण्यानं धुतात. थंडगार लागला म्हणून तिनं सगळ्या तोंडावरून चांगला दाबून फिरवला, न बघताच मुठीत चुरगाळला आणि आत गेली. दार उघडंच राहिलं.

दुकानमालक शंकररावांनी मान वर केली आणि खुर्ची मागं सरकवली. "तोंडाले काय झालं? कोड आहे काय तुले?"

"नाही साहेब."

"चट्टेच चट्टे दिसून राह्यले. गिऱ्हाईक तुह्या हातून साडी घेईन काय?"

सुरमीनं गालाला हात लावला. बोटांना पांढुरका लगदा लागला, तेव्हा तिला कळलं. मग तिनं ओढणी घेतली आणि तिथंच उभ्या उभ्या तोंड खसाखसा पुसून काढलं. तिन्ही ठिपके वर आले, रेघा वर आल्या.

"कोड नाही साहेब. गोंदण आहे. आमच्यात असते."

शंकररावांनी नीट निरखून पाहिलं. ते रागावले नाहीत, अगदी मायेनं बोलले. "मंग झाकून काऊन आली, बेटा? जे स्वतःचं तोंड लपवते, ते माह्या गल्ल्यातलं काय काय लपवन? जा. पुढचीले पाठव."

पुढची डिंपल होती. बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"हातावर काय, फुलपाखरू? वा, झकास! माही नात लय मांगे लागली, तिलेबी असंच पाह्यजे. कुठी काढलं?"

हसण्याचे आवाज आले. डिंपल बाहेर आली ती नोकरी घेऊनच. प्रेरणाला कुणी आत बोलावलंच नाही.

सुरमी जिन्याशी उभी होती.

"वाईट नको वाटून घेऊ वं," डिंपल म्हणाली. "तुमच्यासाठी तं सरकारी जागा राखीव असतात."

सुरमीनं तिचं मनगट धरलं. मुठीतला टिश्यू त्या फुलपाखरावर ठेवला आणि घासायला सुरुवात केली. जीव खाऊन घासलं. मनगट लालभडक झालं तरी थांबली नाही.

"सोड! आग होऊन राह्यली! पागल झाली काय? ते नाही निघत!"

"नाही निघत?" सुरमीनं हात सोडला. "मंग हे बी तुह्या संगं येईन."