माद्यांच्या पिंजऱ्यात

"ऑपरेशन झालं, आता याला माद्यांच्या पिंजऱ्यात सोडलं तर चालेल ना?" गिनीपिगची टोपली प्राण्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवत गिरीशने विचारलं. शेजारी उभ्या शलाकाकडे, आपल्या बायकोकडे, त्याने पाहिलंही नाही. गिरीशची स्वतःची नसबंदी होऊन महिना होतो न होतो तोच तिला दिवस गेले होते. "कोणाचं?" एवढंच त्याने तिला विचारलं होतं. त्यानंतर बोलणंच बंद.

"अहो, इतक्यात नका सोडू," डॉक्टर हसले. "ऑपरेशन झालं तरी आत शुक्राणू शिल्लक असतात. आत्ता सोडलात तर पिल्लंच पिल्लं होतील. दीडेक महिना वेगळा ठेवा."

गिरीशने पहिल्यांदाच मान वळवून शलाकाकडे पाहिलं.

"माणसांचंही असंच असतं का हो?" शलाकाने शांतपणे विचारलं.

"असंच. म्हणून तर नंतर तपासणी करायला सांगतात."

ती तपासणी गिरीशने केलीच नव्हती. "शलाका, मी..."

"डॉक्टर म्हणाले तसं याला वेगळं ठेव," टोपली त्याच्या हातात देत ती म्हणाली. "मी इथूनच आईकडे चालले."