पुरेशी खातरजमा

‘मुलगी घरी एकटी राहण्यास सक्षम असल्याची पालकांनी पुरेशी खातरजमा केली होती. घटनेच्या वेळी ती झोपेत असल्याने तिला दार वाजल्याचे कळले नाही. कोणाचाही दोष आढळून येत नाही.’

बालकल्याण कार्यालयाच्या अहवालातली ही तीन वाक्ये. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही निर्दोष. आई ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून वाचत होती. पलंगावर बाबा होते. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू नेली होती आणि जाताजाता वाचाही.

पहिल्या वाक्यात अन्याय आहे. खातरजमा नुसती पुरेशी नव्हती, पुरून उरेल एवढी होती. आई शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढणारी बाई. जे जे कळण्याजोगे आहे ते परीक्षेनेच कळते, ही तिची श्रद्धा. ताई अकरा वर्षांची झाली आणि दुपारी धाकट्याला सांभाळून तिने घरी राहायचे का, असा प्रश्न निघाला, तेव्हा आईने वयाची चर्चा केली नाही. परीक्षा ठेवली. नियम एकच. दाराला आतून कडी घालायची आणि बाहेरून ‘जिराफ’ हा शब्द ऐकू आल्याखेरीज ती काढायची नाही. परीक्षा केव्हा, हे आधी सांगितले जाणार नाही.

परीक्षक म्हणून बाबांची नेमणूक झाली. चष्म्याच्या दुकानात ते लोकांचे नंबर तपासत. जीव मात्र हौशी नाटकांत अडकलेला. इथे त्यांना आयता रंगमंच मिळाला. कधी ते मीटर तपासणारे झाले, कधी पार्सलवाले, कधी वाट चुकलेली म्हातारी.

‘‘पोरी, घोटभर पाणी दे गं म्हातारीला!’’

‘‘आजी, आधी मिशा काढून या!’’ दारातल्या भिंगाला डोळा लावून ताई आतून ओरडे.

एकदाच ती नापास झाली. बाबा दाराबाहेर कण्हले, ‘‘ताई, पाय घसरला गं... उघड...’’ आणि तिने धाडकन दार उघडले. जिन्यात आई उभी होती.

‘‘पण ते बाबाच होते ना!’’

‘‘असेनात. शब्द नाही, तर दार नाही. मग बाहेर प्रत्यक्ष बाप का असेना. आत धाकटा असतो, तुझ्या भरवशावर.’’

‘‘मास्तरीणबाई, दोन मार्क मायेचे तरी द्या पोरीला,’’ बाबा पाय झाडत उठले.

‘‘मायेला मार्क नसतात,’’ आई म्हणाली. वाक्य तिला स्वतःलाच इतके आवडले की दुसऱ्या दिवशी तिने ते कचेरीतही ऐकवले.

आता दुसरे वाक्य. त्या दुपारी डोके दुखते म्हणून बाबा लवकर घरी आले. खालच्या मजल्यावरच्या काकू बाजारातून परतल्या तेव्हा ते दाराशी कोसळलेले होते. मुठीत किल्ली होती; आतून कडी असल्यावर किल्ली काय कामाची? डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पुढचे ते बोलले नाहीत. अशी वाक्ये पूर्ण करण्याची त्यांच्यात पद्धत नाही.

चौकशीच्या बाईंनी घरी येऊन ताईला मऊ आवाजात विचारले, ‘‘बाळ, दार वाजलेलं ऐकू आलं होतं का तुला?’’

ताई आईकडे पाहत राहिली. उत्तर प्रश्नात दडवू नये, असे आईने नवशिक्या परीक्षकांना आजवर कितीदा तरी बजावले होते. ती म्हणाली, ‘‘तुला झोप लागली होती, हो ना गं ताई?’’

ताईने मान हलवली. बाईंनी लिहून घेतले. आईने तो विषय पुन्हा काढला नाही. जिला जेवताना, चालताना, न्हाताना प्रश्न सुचत, तिला त्यानंतर हा एक प्रश्न काही सुचला नाही. न सुचण्यालाही मेहनत लागते. ती तिने घेतली.

तिसरे वाक्य मात्र खरे आहे. दोष आढळून यायला तो शोधावा लागतो.

आईने अहवालाची घडी घातली. ‘‘कोणाचाही दोष नाही,’’ ती मोठ्याने म्हणाली. खोलीच्या कोपऱ्यात ताई धाकट्याला भरवत होती. तिने वर पाहिले नाही.

बाबांचे ओठ हलले. बोलणे शिकवायला येणाऱ्या बाई रोज त्यांच्याकडून ‘पाणी’ म्हणवून घेऊ पाहत आणि रोज हरून जात. बाबांचे डोळे दाराकडे लागले होते. कपाळावर घाम होता.

‘‘जि...’’ ते म्हणाले. मग कितीतरी वेळाने, ‘‘...राफ.’’

ताईने वाटी खाली ठेवली. ती बाहेरच्या खोलीत गेली. तिने कडी काढली आणि दार सताड उघडले. जिन्यात कोणी नव्हते. ते तिलाही ठाऊक होते. आई मागोमाग आली, तरी ताई वळली नाही. उंबऱ्यात पाठमोरी उभी राहूनच तिने जबाब दिला. अहवालात त्याला जागा नाही, म्हणून तो इथे शब्दशः:

‘‘मी झोपले नव्हते, आई. मी भिंगातून बघत होते. बाबा भिंतीला धरून खाली बसले, त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि ते नुसतेच आवाज काढत होते. मी आतून म्हटलं, बाबा, आजचं सगळ्यात भारी आहे, पण मी नाही हं फसणार!’’