नऊ कार्डं

"काका, आज पुन्हा एक कार्ड कमी," शिवपुत्र म्हणाला. यंत्रातून निघालेला लांबलचक कागद त्यानं टेबलावर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

धोंडप्पांनी चष्मा सारखा करून पाहिलं. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण अडलेल्या ओळीपुढच्या फुल्या आता ओळखीच्या झाल्या होत्या.

"मग आजचा दिवस गेला म्हणा की."

"गेला. उद्या परत."

शहात्तर सालचा मार्च होता. सोलापुरातल्या त्या गिरणीत कॉम्प्युटर नुकताच आला होता. अकरा हजार कामगारांची नावं, गावं, वारस, हे सगळं आजवर धोंडप्पांच्या जाडजूड रजिस्टरांत होतं. आता ते यंत्रात जाणार होतं. त्यासाठी डेटाबेसचा प्रोग्रॅम मुंबईहून आला होता, भोकं पाडलेल्या अठराशे कार्डांवर. एका कार्डावर एक ओळ. ती सगळी यंत्राला भरवायची, मग यंत्र ती वाचून आपल्या भाषेत उतरवून घेणार. याला शिवपुत्र 'कंपाईल करणं' म्हणायचा. एक कार्ड गळालं तरी यंत्र अडायचं. हरवलेली ओळ शोधून नवं कार्ड तयार होईपर्यंत वेळ संपायचा. या कामाला यंत्र मिळायचं ते फक्त दुपारी दोन ते तीन.

हे काम बसवायला मुंबईच्या कंपनीनं शिवपुत्रला पाठवलं होतं, चार दिवसांसाठी. पहिले तीन दिवस तारा जोडण्यात, टेपा चढवण्यात आणि खोली थंड ठेवण्यात गेले. चौथ्या दिवशी पहिलं कार्ड हरवलं. त्यानंतर रोजच. एकदा तर एकाच दिवशी दोन गेली.

धोंडप्पांना नावं वाचून दाखवायला त्याच्या मदतीला दिलं होतं. पहिल्याच दुपारी शिवपुत्रनं डबा उघडता उघडता विचारलं, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच. पण धोंडप्पांचा घास हातातच राहिला. बायको चंद्रव्वा गेल्यापासून चार वर्षांत त्यांना कुणी कानडीत जेवणाचं विचारलं नव्हतं. मुलगी विजापुरात नांदत होती, दिवाळीला यायची. एरवी घरी गेल्यावर ते रेडिओ लावायचे, ऐकायला नव्हे, आवाज असावा म्हणून.

शिवपुत्र अक्कलकोटकडचा. आईबाप लहानपणीच गेलेले. त्या दिवसापासून दोघं एकत्र जेवायचे. धोंडप्पा दोन भाकऱ्या जास्तीच्या आणू लागले.

अकराव्या दिवशी गिरणीचे मॅनेजर आबासाहेब स्वतः खोलीत आले.

"नऊ कार्डं, धोंडप्पा. पाय फुटले का त्यांना?"

धोंडप्पा उभे राहिले.

"हे यंत्र चालू झालं की तुमच्या रजिस्टरांना कुणी विचारणार नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"व्हय, साहेब."

"कार्डांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे. मी काय समजू?"

धोंडप्पांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. शिवपुत्र हातातल्या कागदाकडे बघत होता.

"उद्यापासून गेटवर बसा. चौकशी होईल. एकतीस वर्षं झाली म्हणून आज घरी पाठवत नाही."

दुसऱ्या दिवशी धोंडप्पा गेटच्या केबिनमध्ये बसले. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघून आपसांत कुजबुजत होते. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. एक वाजला, डबा उघडला, आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून त्यांनी तो तसाच बंद केला.

साडेतीनला शिपाई धावत आला. "काका, साहेबांनी बोलावलंय. तुमच्यावरचा आळ गेला! त्या मुंबईवाल्यानंच कबूल केलं!"

आबासाहेबांनी त्यांना खुर्ची दिली. प्रोग्रॅम दुपारी एका दमात कंपाईल झाला होता. त्याआधी शिवपुत्रनं स्वतःच सांगितलं होतं, की कार्डं मी काढत होतो, म्हाताऱ्याचा काही दोष नाही. "त्याच्या कंपनीला पत्र लिहिलंय," आबासाहेब म्हणाले. "आणि तुम्ही मनात काही ठेवू नका."

धोंडप्पांनी मान हलवली आणि ते तडक एसटी स्टँडवर गेले.

शिवपुत्र गाडीत खिडकीशी बसला होता. त्यांना बघून खाली उतरला.

"का केलंस रे, तम्मा?"

"काम संपलं असतं तर परत जावं लागलं असतं, काका. तिथं खोलीला कुलूप मीच लावतो, मीच उघडतो. हितं दुपारी कुणीतरी वाट बघत होतं." त्यानं मान खाली घातली. "काल साहेब तुम्हाला बोलले तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"नोकरीचं काय आता?"

"जाईल बहुतेक. दुसरी बघू." खिशातून त्यानं कागदात गुंडाळलेली कार्डं काढून धोंडप्पांच्या हातात दिली. "एक मात्र कळत नाही. कार्डं गेली नऊ. साहेबांपुढं मी नऊच्या नऊ कबूल केली, पण काढली पाचच. उरलेली कुटं गेली, कुणास ठाऊक."

धोंडप्पांचे ओठ हलले. कंडक्टरनं डबल बेल दिली. शिवपुत्र पळत जाऊन चढला.

"जप रे स्वतःला," एवढंच धोंडप्पांच्या तोंडून निघालं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते तिथंच उभे होते.

घरी आल्यावर त्यांनी रेडिओ लावला नाही. चंद्रव्वाची ट्रंक उघडली, तिची इरकल साडी बाजूला केली आणि ती पाच कार्डं खालच्या चार कार्डांवर नीट रचून ठेवली.