पहिलं अंडं

सकाळी खुराडं उघडलं की रंजना एकेक कोंबडी चाचपायची. जिच्या पोटात अंडं हाताला लागेल ती डालग्याच्या टोपलीखाली, म्हणजे बाहेर कुठं घालायला नको. आज तलंग, कोवळी कोंबडी, हातात घेतली आणि रंजनानं लेकीला हाक मारली. पहिलंच अंडं, तेही थोराड, आडवं अडकलेलं.

दहावीतल्या लेकीनं तलंग मांडीवर धरली. रंजना कोमट पाणी सोडत तेलाचं बोट फिरवू लागली.

“आई, मरंल का गं ही?”

“अजून अंगानं भरली नव्हती. मका-सुकट चारून मीच घाईनं अंड्यावर आणली.”

शेवटी रक्तानं माखलेलं अंडं रंजनाच्या ओंजळीत पडलं. तलंगेनं मान टाकली, ती पुन्हा उचललीच नाही.

लेक रडत उठली आणि दोरीवरच्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली. उद्या पोरीला बघायला पाहुणे येणार म्हणून तिला नेसवायला रंजनानं आपलीच साडी धुऊन वाळत घातली होती. साडीमागं पोर पुरती दिसेनाशी झाली.

रक्ताळल्या हातांनीच रंजनानं साडी खसकन ओढली आणि घरातल्या नवऱ्याला ओरडून म्हणाली, “अहो, पाहुण्यांना फोन लावा. येऊ नका म्हणावं!”