दाराचं माप

घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांची पहिली बस यायच्या आत नाजियाने अंथरूण आवरलं, बॅग पलंगाखाली सरकवली आणि उशीवर पडलेला डोक्याचा खळगा थोपटून सपाट केला. खोली पुन्हा कुणाचीच नसल्यासारखी झाली. तलाक घेऊन माहेरी आल्यापासून अकरा दिवस तिचं हेच चाललं होतं. बापाने ना काही विचारलं, ना तो रागावला. बोललाच नव्हता.

मग वर पावलं वाजली. भल्यामोठ्या विहिरीसारखं जमिनीत खोल खणलेलं अंगण, त्यात उतरायला बोगद्यासारखी एकच वाट. तिच्यातून एकेक पाहुणा बाहेर पडे, वर आभाळाची गोल भाकरी पाही आणि तोंडाचा आ करून उभा राही. भिंतींत कोरलेल्या खोल्यांची दारं त्यांच्याकडे मुकाट बघत राहत.

"हे घर बांधलेलं नाही, खणलेलं आहे," गाईडने नेहमीचं सुरू केलं. "आमच्या मातमाता गावात मुलाचं लग्न ठरलं की बाप कुदळ उचलतो. नव्या सुनेला भिंतीशी उभं करून दाराचं माप घेतो. सून आली की घर एका खोलीने वाढतं."

"आणि मुलींसाठी?" पांढऱ्या टोपीतल्या एका बाईने विचारलं.

"मुलींसाठी कशाला खणायचं? त्या काय, उडून जाणाऱ्या चिमण्या!"

सगळे हसले. गाईड फ्रेंचमध्ये बोलत होता; नाजियाला शाळेपुरतं फ्रेंच येत होतं, तेवढं पुरलं. तिने रोटी, मध आणि जैतुनाच्या तेलाचं ताट त्या बाईपुढे धरलं. बाईने रोटीचा तुकडा मधात बुडवला, मग खोलीत डोकावून कोनाड्यातल्या एका कंगव्याचा फोटो काढला. नाजियाचाच कंगवा. तेवढा उचलायचा राहून गेला होता.

अंगणाच्या कडेला आई, मबरूका, जव दळत होती. पाहुणे आले की ती गाणं म्हणे, आजही म्हणाली:

जवाचं गं पीठ, पडे भुरुभुरु खाली

पुढची ओळ दूर गेलेल्या लेकीची. ती तिने गिळली, आणि जात्यात उगाच दोन मुठी जास्त टाकल्या.

तेवढ्यात धप्प आवाज झाला. मग आणखी एक.

अंगणाच्या ज्या बाजूला एकही दार नव्हतं, तिथे नाजियाच्या बापाने, बेलगासेमने, भिंतीत कुदळ घातली होती. परवाच्या पावसाने माती मऊ होती, ढेकळं सुटून येत होती. पाहुण्यांचे कॅमेरे झर्रकन तिकडे वळले. गाईडला आनंद झाला, आणि मग तो घोटाळला.

"काका, तुमचे दोन्ही मुलगे तर परदेशात, ल्याँला, बायकापोरांसकट. ही खोली कुणाला?"

"बाजूला हो. डोळ्यांत माती जाईल," बेलगासेम म्हणाला.

वर अंगणाच्या कठड्यावर शेजारची झोहरा मावशी ओणवली होती. तिच्या नजरेतून या खड्ड्यातलं काही सुटत नसे.

"काय गं मबरूका! म्हातारा या वयात नवी नवरी आणतोय की काय?"

"आणू दे की! जातं ओढायला मला जोडीदारीण होईल."

"मग एखादी दांडगी बघ म्हणावं!"

बेलगासेमने कुदळ भिंतीला टेकवली. कपाळाचा घाम बाहीला पुसला. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याने लेकीकडे सरळ पाहिलं.

"पोरी, ते ताट ठेव. इकडे ये."

नाजिया गेली. त्याने तिचे दोन्ही खांदे धरून तिला भिंतीशी उभं केलं, पाठ मातीला टेकवली. जातं थांबलं.

तिला कळलं. कळलं तसं तिचं तोंड लालभडक झालं.

"बाबा," ती पुटपुटली, "हे सुनांसाठी असतं. लोक काय म्हणतील?"

"लोक? लोक दुपारच्या बसने जातात."

"आणि झोहरा मावशी?"

बेलगासेमने वर पाहिलं. कठड्यावर आता झोहराचं नुसतं डोकं दिसत होतं. ओढणीचं टोक तिने तोंडात धरलं होतं.

"तिला खोली आत येऊन पाहू दे," तो म्हणाला. "चहाला बोलाव. पहिला कप तिलाच दे."

त्याने कुदळ उचलली आणि पुन्हा खाली केली. नाजियाची हनुवटी छातीला टेकली होती.

"मान वर कर," तो हळूच म्हणाला. "वाकून माप दिलंस, तर जन्मभर वाकून शिरावं लागेल."

तिने मान वर केली. बेलगासेमने तिच्या डोक्याच्या वर चार बोटं जागा सोडली आणि कुदळीच्या टोकाने भिंतीत रेघ ओढली. पिवळी माती भुरभुरत तिच्या केसांत पडली. तिने ती झटकली नाही.