दाराआडची पेटी

"साखर आण म्हटलं तर मीठ घेऊन येतो, दळणाला धाडला तर डबा गिरणीवरच ठेवून येतो. अशा माणसाला केक आणायला पाठवतेस व्हय गं?" चिमणाबाई सुनेला म्हणाली, पण बारकूला ऐकू जाईल अशा आवाजात.

बारकूला ऐकू गेलं. तो चपला शोधायला लागला. एक उंबऱ्याशी सापडली. दुसरी पत्र्याच्या पेटीखाली अडकली होती. ती ओढताना त्याचं लक्ष गेलं. पेटी जागेवर नव्हती. दाराआडून ओढून खोलीच्या मधोमध आणली होती.

पेटी चिमणाबाईची. पेठ तालुक्यातल्या डोंगरातून ती आणि बारकू दोघं द्राक्षाच्या छाटणीला नाशकात आली, तेव्हा तिनं ती डोक्यावरून आणली होती. पेठ नाक्याजवळ खोली झाली, बारकू कंपनीत माळी म्हणून लागला, खोलीवर स्लॅब पडला. पेटी मात्र दाराआडच राहिली, भरलेली. दोन लुगडी, कांबळ, विळा.

दरसाल बारकू म्हणायचा, "आता कर की रिकामी."

दरसाल ती म्हणायची, "बघू पुढल्या साली. तुझा काय भरवसा? जायचं झालं तर निघायला बरं."

तीस वर्षं ही अशी गेली. आपल्याच घरात पाव्हण्यासारखं जपून राहायचं. दारू सुटली ती काही कुणा महाराजाच्या माळेनं नाही, पेटीच्या धाकानं. हात एकदाच उगारला होता, तोही पेटीचं कुलूप वाजल्याबरोबर खाली आला. लोकांना संसाराची सवय होते. बारकूला झाली नाही. रोज कामावरून येताना तो आधी दाराआड बघायचा, मग पाणी प्यायचा. आता कामावरून सुटला होता, गुडघे बोलायला लागले होते, आणि या बघण्याचा त्याला मनापासून कंटाळा आला होता.

गेल्या साली पोराचं, मनोजचं, लग्न गावाकडं केलं. सुनेकडचं, तृप्तीकडचं, वऱ्हाड टेम्पो करून दुसऱ्या दिवशी आलं, पण त्याआधीच अंगण हळदीनं पिवळं झालं होतं. बारकूच्या नखांतली हळद महिनाभर निघाली नाही. तेव्हा त्याला वाटलं, आता तरी. पण नाशकात परत आल्यावर पेटी जिथल्या तिथं. उलट परवा चिमणाबाई म्हणाली, "पोरगं मार्गी लागलं. आता माझं काय अडलंय इथं?"

आणि आज पेटी मधोमध.

"बाबा, आकड्याच्या मेणबत्त्या आणा हं, तीसच्या," तृप्ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलंय, तीस वर्षं झाली म्हणून. आणि आईंची तारीख बरोबर आमच्या आदल्या दिवशी! उद्या आमचं पहिलं वर्ष, आज तुमचं तिसावं. कसली मजा ना?"

"लय मजा," चिमणाबाई म्हणाली.

मनोज नव्या मोबाइलची बटणं दाबत बसला. बापाकडं त्यानं पाहिलं नाही.

दिंडोरी नाक्यावरच्या बेकरीवाल्यानं केक खोक्यात ठेवला. "काका, काकूंचं नाव घालू का वर?"

"नको. चुकलं तर मला खावं लागंल."

बेकरीवाला हसला. "मेणबत्ती कितीची?"

"पोरानं तीसची सांगितलीय."

"मग दोन लागतील. तीन आणि शून्य."

बारकू आकड्यांच्या डब्याकडं बघत राहिला. आपण घरी पोचेपर्यंत ती पेठच्या गाडीत बसलेली असणार. तिच्याशी खोटं बोललेलं आजवर कधी पचलं नव्हतं. मग आज, जाता जाता, कशाला? त्यानं डब्याकडं बोट दाखवलं. बेकरीवाल्यानं एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुडी बांधून दिली.

नाक्यावर पेठची एसटी त्याच्या अंगावरून धूळ उडवत गेली. प्रत्येक खिडकीत त्यानं तिचं हिरवं लुगडं शोधलं. गाडी गच्च भरलेली, काही दिसलं नाही. मग घाई कशाला करायची? तो खोकं सांभाळत हळूहळू चालत आला.

दाराआड जागा मोकळी होती. पेटीखालचा न झाडलेला धुळीचा चौकोन तेवढा उरला होता.

"आला का? म्हटलं केक गिरणीवर ठेवून येतोय की काय," आतून आवाज आला.

पेटी खोलीच्या मधोमध होती, उपडी घातलेली, वर वर्तमानपत्र पसरलेलं. घरात टेबल नव्हतं. लुगडी कपाटात बारकूच्या सदऱ्यांशेजारी रचली होती. विळा मोरीजवळ टांगलेला.

बारकू उभाच राहिला. तृप्तीनं त्याच्या हातातलं खोकं पेटीवर ठेवलं आणि पुडी सोडली.

"अय्या! बाबा, ही तर एकची आहे."

मनोजचं तोंड उतरलं. तो घाईनं म्हणाला, "उद्याची असंल. आपली. बाबांनी चुकून आजच आणली. थांब, मी बदलून आणतो."

चिमणाबाईनं त्याच्या हातातून मेणबत्ती काढून घेतली आणि केकच्या बरोबर मध्ये रोवली. मग ती बारकूकडं वळली.

"जन्मात एकदाच सांगितलं ते न आणता बरोबर आणलंस. लग्नाची हळद गेल्या सालीच लागली आपल्याला, पोराच्या आदल्या दिशी, बिनहळदीच्या आईबापाला पोराला हळद लावता येत नाय म्हणून. त्याआधीची सगळी वर्षं मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, बारकू. माझ्या मनानं राहिले होते."